पाचवीचं गणित, बाविसाव्या वर्षीची लाज

‘मॅडम, हे तर पाचवीचं आहे.’

काल फळ्यावर तीन छेद चार अधिक दोन छेद तीन, एवढंच मांडलं होतं. मागच्या बाकावरून हे वाक्य आलं आणि अर्धा वर्ग हसला. हसणाऱ्यांतल्या पाच जणांना मी पुढे बोलावून खडू दिला. चौघांनी उत्तर लिहिलं, पाच छेद सात. पाचवा खडू धरून नुसता उभा राहिला.

आज नवीन काही शिकवणार नाही. वह्या मिटा, मोबाईल पिशवीत टाका आणि ऐका. कडू लागेल. लागू दे.

पाचवीचं आहे, हे खरं. वरच्याची वरच्यात आणि खालच्याची खालच्यात बेरीज करून मोकळं होणारं पोर पाचवीत असतं, तर मी त्याला जवळ बसवून कागदाच्या घड्या घालून दाखवल्या असत्या. तुम्ही बावीस-चोवीस वर्षांचे आहात, काही जण तिशीला टेकलेत. कुणी मुक्त विद्यापीठातून बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, कुणी डिप्लोमा संपवून पदवीच्या मागे लागलंय. सणसवाडीच्या कारखान्यांत आठ-आठ तास यंत्रापुढे उभं राहून संध्याकाळी इथे येता. पाच छेद सात लिहिताना तुम्हाला एवढंही खटकलं नाही, की हे उत्तर पाऊणपेक्षा कमी आहे? पाऊण किलो साखरेत आणखी साखर घातली आणि वजन कमी भरलं? चूक होते, ती रोज होते, तिचा मला राग येत नाही. उत्तर लिहिलंत, खडू ठेवलात आणि त्या आकड्याकडे परत वळूनही पाहिलं नाहीत, याचा येतो.

आणि दुसरा राग त्या हसण्याचा. ते हसू मला चांगलं ओळखीचं आहे. ‘हे सोपं आहे म्हणून आम्हाला नको’ असं दाखवायला तुम्ही हसता. खरं कारण तुम्हालाही ठाऊक असतं. ‘समजलं का?’ विचारलं की सगळ्यांच्या माना एकदम हलतात. ‘कुणाला अडचण?’ विचारलं की अळीमिळी गुपचिळी. घरून सोडवून आणलेल्या वह्या उघडते तर चौदा वह्यांत एकच चूक, त्याच ओळीत, त्याच आकड्याला. म्हणजे एकाने सोडवलं आणि तेरा जणांनी उतरवलं. त्या एकाचं चुकलं तरी त्याने प्रयत्न केला, त्याची पाठ मी थोपटेन. बाकीच्या तेरा जणांनी मला फसवलं असं त्यांना वाटत असेल, तर त्यांनी आपल्या पगारपत्रकाकडे एकदा नीट पाहावं. तिथे कोण कुणाला फसवतंय ते कळेल. त्याकडे मी येणारच आहे.

तुमच्यातली एक मुलगी बाकाखाली बोटं मोजते. तिचं नाव मी घेणार नाही. तिला सांगते, हात वर काढ आणि बाकावर ठेवून मोज. बोटं मोजणं वाईट नाही. ती लपवण्यात तुझं निम्मं लक्ष जातं आणि मग आकडा चुकतो. तिच्याकडे बघून जे दोघे एकमेकांना कोपराने डिवचत होते, त्यांना सात आठे विचारलं तेव्हा एकाने चौसष्ट सांगितलं आणि दुसऱ्याने त्याला दुजोरा दिला.

मला माहीत आहे, यात सगळा दोष तुमचा नाही. तुम्ही शाळेत होतात तेव्हा शिक्षण हक्क कायदा आला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. आठवीपर्यंत कुणाला मागच्या वर्गात ठेवायचं नाही, असं त्यात होतं. मुलाला काय येतं, काय येत नाही हे सतत तपासत राहायचं, हेही त्याच कायद्यात होतं. कित्येक शाळांनी पहिलं पाळलं आणि दुसरं कागदावर ठेवलं. भागाकार न येताच तुम्ही सहावीत गेलात, मग सातवीत, मग आठवीत. नववीला बीजगणित समोर आलं तेव्हा पायाखाली जमीनच नव्हती. तुमच्यातले बरेच बीड, जालना, नांदेडकडून आलेत, ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर फडावर गेलेत, शाळा अर्धी सुटलीय. मी हे विसरलेले नाही. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत २०२३ मध्ये चौदा ते अठरा वयाच्या ग्रामीण मुलामुलींना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला दिलं होतं. ४३.३ टक्क्यांनाच ते जमलं. निम्म्याहून अधिक मुलं अडली. तेव्हा तुम्ही एकटे नाही.

पण हे सांगून मी तुम्हाला सूट देत नाही. बारा वर्षांच्या पोराला कुणी शिकवलं नाही, तर दोष मोठ्या माणसांचा. बावीस वर्षांच्या माणसासमोर शिकवणारी व्यक्ती उभी आहे, फळा आहे, वेळ ठरलेली आहे, आणि तो माणूस ‘हे पाचवीचं आहे’ म्हणून तोंड फिरवतो, तर तो दोष कुणाचा? तो मी शाळेवर ढकलू देणार नाही. माझ्याच व्यवसायातल्या लोकांनाही हेच सांगणं आहे. पदवीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवायला लाजणारे, पोरं कच्ची आहेत हे दिसत असूनही अभ्यासक्रमाची पानं पुढे उलटत राहणारे आणि शेवटी ‘महत्त्वाचे प्रश्न’ देऊन पास करून घेणारे शिक्षक मी पाहिलेत. त्यांनी तुमच्यावर दया केली असं तुम्हाला वाटतं. त्यांनी तुम्हाला तुमच्या नशिबावर सोडून दिलं.

आता मोबाईलचं बोलू, कारण तुमचं पुढचं उत्तर मला पाठ आहे. ‘कॅल्क्युलेटर आहे ना, मॅडम.’ आहे. तुमच्यातल्या बी.कॉम.च्या विद्यार्थ्याला मी विचारलं, जीएसटी धरून बिल १,१८० रुपयांचं आहे, दर १८ टक्के, तर वस्तूची मूळ किंमत किती? त्याने क्षणात मोबाईल काढला, १,१८० चे १८ टक्के वजा केले आणि ९६७ रुपये ६० पैसे असं उत्तर दिलं. आवाजात जराही शंका नाही. मूळ किंमत हजार रुपये आहे. कर हजारावर लागलाय, एक हजार एकशे ऐंशीवर नाही. १,१८० ला ११८ ने भागून शंभराने गुणायचं होतं. यंत्राने सांगितलेलं काम अचूक केलं. सांगणाऱ्याला काय सांगायचं ते कळत नव्हतं. उद्या हाच मुलगा एखाद्या दुकानदाराचे हिशेब लिहील.

आणखी एक ऐका. ईएसआयसाठी कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात. पगार १८,००० असेल तर किती कापले जातील, असं विचारलं होतं. फळ्यावर तीन उत्तरं आली. १३,५००, १,३५० आणि १३५. यातलं कुठलं बरोबर ते ठरवायला हात वर करायला सांगितले, तर सगळ्यांत जास्त हात १,३५० ला आले, आणि काही हात १३,५०० लाही आले. अरे, अठरा हजारांतले साडेतेरा हजार दवाखान्याच्या विम्यालाच गेले तर खोलीचं भाडं कशाने देणार, गावी काय पाठवणार? हा विचार एकाच्याही मनात आला नाही. आकडा आणि आयुष्य यांची तुम्ही पूर्ण ताटातूट करून टाकलीय. वर्गातला आकडा म्हणजे परीक्षेत लिहून विसरायची गोष्ट, आणि पगार म्हणजे खात्यात जो येईल तो.

०.७५ म्हणजे पाऊण. शंभराला पाऊण रुपया. अठरा हजारांत शंभर किती वेळा? एकशे ऐंशी वेळा. एकशे ऐंशी पाऊण म्हणजे एकशे पस्तीस. याला ना मोबाईल लागतो, ना कागद. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाजारातल्या बाया हे उभ्या उभ्या करतात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पाढे आपल्याकडे मुलांकडून घोकून घेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे तुमच्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? पाव, अर्धा, पाऊण हे या मातीतले अपूर्णांक आहेत, आणि दशांश चिन्ह टाकून लिहिले की तेच तुम्हाला परके वाटतात.

आता पगारपत्रक. तुमच्यातल्या एकाने मागच्या महिन्यात ते मला दाखवलं. ठेकेदाराकडे काम. महिन्याचे १५,६०० रुपये, सव्वीस दिवसांचे. म्हणजे दिवसाचे सहाशे, आठ तासांचा दिवस, तासाचे पंचाहत्तर. त्या महिन्यात त्याने चोवीस तास ओव्हरटाइम केला होता आणि त्याचे १,८०० रुपये मिळाले म्हणून तो खूश होता. मी विचारलं, ओव्हरटाइमचा दर काय? तो म्हणाला, ‘तोच, मॅडम.’ तोच नसतो! ओव्हरटाइमला दुप्पट दर, हे कायद्यातच लिहिलंय. पंचाहत्तरचे दीडशे, दीडशे गुणिले चोवीस म्हणजे तीन हजार सहाशे. एका महिन्यात अठराशे रुपये कमी मिळाले, आणि त्याने कधी भागून, गुणून पाहिलंच नाही. सहाशेला आठाने भागायचं होतं. हा पाचवीचाच भागाकार.

तो कष्टाळू मुलगा आहे. नाईट करून लाल डोळ्यांनी वर्गात बसतो. म्हणून मला जास्त चीड आली. त्याची मेहनत कुणी हिसकावून घेतली नव्हती, त्याने न मोजता सोडून दिली होती. आणि हे तेव्हा वर्गात ऐकून तुमच्यातल्या काहींनी घरी जाऊन स्वतःचं पगारपत्रक काढून पाहिलं असेल, अशी माझी आशा होती. दुसऱ्या दिवशी विचारलं. एकानेही पाहिलं नव्हतं. एकाचं तर उत्तर होतं, पगारपत्रक मिळतच नाही, मागितलंही नाही. मागा. हिशेब लेखी मागण्याचा तुमचा हक्क आहे, आणि तो वापरायला तुम्हाला हिशेब यावा लागतो.

यंत्रापुढेही हेच चाललंय. ड्रॉइंगवर माप दिलंय पंचवीस मिलिमीटर, कमी-जास्त ०.०५. तुमच्यातल्या एकाला मी विचारलं, व्हर्निअरवर २५.१ माप आलं तर तो भाग पास की रिजेक्ट? ‘पास.’ का? ‘एक पाचापेक्षा कमी आहे.’ तो शिकाऊ नाही, तीन वर्षं काम करतोय. ०.१ म्हणजे ०.१०, दहा शतांश. परवानगी पाच शतांशाची आहे. तो भाग मर्यादेच्या दुप्पट बाहेर गेलाय. दशांश चिन्हानंतरचे आकडे पूर्ण संख्येसारखे वाचायची ही चूक तुमच्यात सगळीकडे पसरली आहे. ०.१२ मोठा की ०.५, असं विचारलं तर अर्ध्या वर्गाने ०.१२ सांगितलं, कारण बारा पाचापेक्षा मोठे. असा भाग एखाद्या गाडीच्या ब्रेकमध्ये बसला तर? तपासणीवाला आहे, तो बघेल, असं म्हणू नका. उद्या तपासणीच्या टेबलावर तुम्हीच बसणार आहात. त्यासाठीच तर शिकताय ना?

जमिनीचंही थोडक्यात. या पट्ट्यातल्या घराघरांत प्लॉटची बोलणी चालतात. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. अर्धा गुंठा घ्यायचा तर प्लॉटच्या बाजू किती, असं विचारलं. ‘साडेसोळा बाय साडेसोळा.’ दोन्ही बाजू निम्म्या केल्या की क्षेत्र चौथा हिस्सा होतं. अर्ध्या गुंठ्याचे पैसे मोजून पाव गुंठा घेऊन याल, आणि साठेखतावर सहीही कराल.

आता जे सांगते, ते नीट ऐका, कारण ते आपल्याच तालुक्यातलं आहे.

शिरूर तालुक्यात करडे नावाचं गाव आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी त्याचा फलक पाहिला असेल. १८७४ च्या डिसेंबरात तिथल्या कुळांनी सावकारावर बहिष्कार टाकला. त्याच्या दुकानात जायचं नाही, त्याची जमीन कसायची नाही. न्हाव्याने, परटाने, चांभाराने त्याचं काम बंद केलं. हे लोण आजूबाजूच्या गावांत पसरलं. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे मागून घेऊन जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव तेच झालं. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. लक्षात घ्या, लोकांनी काय जाळलं. त्यांचा मुख्य रोष कागदांवर होता. ते कागद त्यांना वाचता येत नव्हते आणि त्यातला हिशेब करता येत नव्हता.

तो हिशेब कसा चालायचा ते पाहा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीनच वर्षं चालायचा. व्याज वर्षानुवर्षं साचत जाऊ नये म्हणून ती तरतूद होती. सावकारांनी तिचाच फास केला. तीन वर्षं संपली की नवा रोखा लिहायचा, आणि थकलेलं व्याज मुद्दलात घालून त्यावर पुन्हा व्याज लावायचं. समजा शंभर रुपये, महिना शेकडा दोन. तीन वर्षांचं व्याज बहात्तर. नवा रोखा १७२ चा. आणखी तीन वर्षांनी तो २९५ रुपये ८४ पैसे. नऊ वर्षांनी ५०८ च्या वर. बारा वर्षांनी ८७५. शेतकरी दर तीन वर्षांनी अंगठा उठवत होता आणि मनाशी म्हणत होता, घेतले तर शंभरच होते. दंग्यांच्या चौकशी आयोगासमोर आलेल्या एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावलेलं निघालं. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावं ते सांगितलं. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, आणि त्याला लागूनच हिशेब. व्यवहाराचे कागद मोडीत असायचे. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला. शेतकऱ्याचं पोर शिकलं नाही तर काय होतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तुम्हाला मोडी वाचावी लागत नाही. करार मोबाईलवर येतो, खाली ‘मान्य’ असं बटण असतं. तेव्हा अंगठा शाईत बुडवावा लागायचा, आता काचेवर टेकवला की झालं. आणि दीडशे वर्षांनी, त्याच तालुक्यात बसून तुम्ही मला काय सांगता? ‘मॅडम, बँक अकरा टक्के घेते, तो माणूस पाचच टक्क्यांनी देतो.’ हे वाक्य मी या वर्गात ऐकलंय. तो पाच टक्के महिन्याला घेतो! वर्षाला साठ होतात. वीस हजार घेतलेत तर महिन्याला हजार रुपये नुसतं व्याज, वर्षाला बारा हजार, आणि मुद्दल वीस हजार जागच्या जागी. बँकेचं वर्षाचं व्याज पूर्ण वीस हजारांवर धरलं तरी बावीसशे होतं. बावीसशे आणि बारा हजार यांतला फरक कळायला पदवी लागते का? शिवाय परवान्याशिवाय सावकारी करणं हा महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याने गुन्हा आहे. पण तुम्ही तक्रार कशाची करणार, तुम्हाला तो स्वस्तात पैसे देणारा देवमाणूस वाटतोय.

मोटरसायकलचं कर्ज घ्या. ‘फक्त दहा टक्के फ्लॅट’ असं सांगितलं जातं. नव्वद हजार, तीन वर्षं. दर वर्षाचे नऊ हजार, तिन्ही वर्षांचे सत्तावीस हजार. एकूण १,१७,०००, भागिले छत्तीस, हप्ता ३,२५०. तुम्ही हप्त्यातून पहिल्या महिन्यापासून थोडं थोडं मुद्दल परत करताय, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण नव्वद हजारांवर लावलं जातंय, हे कुणाच्या ध्यानात आलं? उरलेल्या मुद्दलावर दहा टक्के लावले असते, तर हप्ता २,९०४ च्या आसपास आला असता आणि एकूण व्याज साडेचौदा हजारांच्या घरात. ज्याला दहा टक्के म्हणून सांगितलं, तो दर प्रत्यक्षात जवळपास अठरा टक्के पडतो. साडेबारा हजारांचा फरक आहे. किती शिफ्टचे पैसे झाले, मोजा. ‘असर’च्या त्याच पाहणीत ज्या मुलांना निदान वजाबाकी येत होती, त्यांना कर्जाची परतफेड काढायला दिली होती. साधारण दहातल्या एकालाच जमली. बाकीचे नऊ कर्ज घेणार नाहीत, असं थोडंच आहे?

एवढं सगळं ऐकूनही ‘हे लहान मुलांचं गणित’ ही तुमची समजूत जाणार नसेल, तर भास्कराचार्यांकडे चला. ११५० मध्ये लिहिलेल्या त्यांच्या ‘लीलावती’चं नाव तुम्ही ऐकलंय, अभिमानाने घेताही. तिच्यात सुरुवातीलाच काय आहे? नाण्यांचं कोष्टक. वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. वराटक म्हणजे कवडी. ग्रहगणित मांडणारा माणूस आधी कवड्यांचा हिशेब सांगतो. मग वजनं, मापं, पुढे अपूर्णांक, त्रैराशिक, व्याज. त्यांना कमीपणा वाटला नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर आयुष्यभर वजाबाक्या करत बसले. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा, पुन्हा तेच करा. ५४३२ मधून २३४५ गेले, उरले ३०८७. ८७३० मधून ०३७८ गेले, उरले ८३५२. ८५३२ मधून २३५८ गेले, उरले ६१७४. कुठलीही संख्या घेतलीत तरी शेवटी ६१७४ वरच याल. जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत ही संख्या कापरेकरांच्या नावाने ओळखली जाते. हातचा घेऊन वजाबाकी करायला तुम्हाला लाज वाटते तेव्हा या शाळामास्तरांची आठवण ठेवा.

तुमच्यात बुद्धी कमी आहे असं मला एका क्षणासाठीही वाटलेलं नाही. बिघडलेल्या यंत्राचा आवाज ऐकून दोष सांगणारी मुलं या वर्गात आहेत. सहा जणींची भिशी एकही रुपया न चुकवता सांभाळणारी मुलगी इथे बसलीय, आणि तीच फळ्यावर ‘शेकडेवारी’ हा शब्द पाहून डोळे खाली घालते. जो हिशेब भिशीत येतो, तोच शेकडेवारीतही आहे, बाई. तू रोज करतेस. वर्गात शिरल्याबरोबर तुम्ही स्वतःला नापास करून घेता आणि मग ते कुणाला दिसू नये म्हणून धडपडता. ती धडपड मला मोडून काढायची आहे. तुम्हाला लाज वाटायचीच असेल, तर उत्तर न तपासता सोडून दिल्याची वाटू द्या, दुसऱ्याची वही उतरवल्याची वाटू द्या. सात आठे छप्पन येत नाहीत याची वाटण्याचं कारण नाही. ते शिकायला तुम्हाला आठवडा पुरेल.

सोमवारपासून हा वर्ग वेगळा चालेल. सुरुवातीची दहा मिनिटं उभं राहून पाढे, तोंडाने, मोठ्याने. बे ते वीस, आणि त्याबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. मीही तुमच्याबरोबर म्हणेन. कुणी हसलं तर त्याला बाहेर काढणार नाही, पुढे उभं करून त्याच्याकडून औटकी म्हणवून घेईन. प्रत्येकाने गेल्या तीन महिन्यांची पगारपत्रकं आणायची, नावाची बाजू दुमडून. पीएफचे बारा टक्के कशावर कापले, ईएसआयचा पाऊण टक्का बरोबर आहे का, ओव्हरटाइम किती तास आणि कोणत्या दराने, हे स्वतःच्या हाताने वहीत मांडायचं. ज्याच्याकडे पगारपत्रक नाही त्याने ते मागण्याचा अर्ज लिहून आणायचा, भाषा मी तपासून देईन. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे त्याने कर्जाचा कागद आणायचा. मोबाईलवरून घेतलं असेल तर त्याची प्रत छापून आणायची.

खोडरबर आणू नका. चुकलेलं उत्तर एका रेघेने कापा आणि त्याच्याखाली पुन्हा करा, कुठे घसरलात ते मला दिसलं पाहिजे. प्रत्येक उत्तराशेजारी, करण्याआधी, अंदाज लिहायचा. साधारण किती येईल, शंभराच्या घरात की हजाराच्या. अंदाज नसलेलं उत्तर बरोबर असलं तरी मी तपासणार नाही. मोबाईलला शेवटची पाच मिनिटं परवानगी, पडताळ्यापुरती. शिफ्ट लांबली म्हणून उशीर झाला तर दाराशी घुटमळू नका, आत येऊन बसा. नाईट करून येणाऱ्यांनी मला आदल्या दिवशी कळवावं. त्यांचे पाढे मी शेवटी घेईन, पण घेईन.